तिसरी आलाबला

लग्नाच्या संगीताचा नाच बसवून घ्यायला दिपमाला मॅडमकडे येणारी माणसं मोबाईलमध्ये गाणी भरून आणतात, आणि मॅडम ती ऐकतसुद्धा नाहीत. "गाण्याचं मी बघते. तुम्ही आधी बसा, पाणी प्या आणि मला सांगा, तुमच्या घरातलं कोण गेलंय?" लग्नघरची माणसं चपापतात. एखादी काकू नाक मुरडून म्हणते, "अहो मॅडम, शुभकार्य आहे!" मॅडम म्हणतात, "म्हणूनच विचारते ना. जे गेले त्यांना या लग्नाचं आमंत्रण नको?"

मग हळूहळू तोंडं उघडतात. आमचे आजोबा ताटावर बसायच्या आधी धोतराचा सोगा असा झटकायचे. आमची आत्या हसली की पदरानं दात झाकायची, दात चांगले पांढरेशुभ्र असूनही. आमचे काका स्कूटर सुरू झाली तरी उगाच दोन किका जास्तीच्या मारायचे. मॅडमना एवढंच पाहिजे असतं. तो झटका, ते दात झाकणं, त्या जास्तीच्या किका, यांच्या त्या स्टेप करतात. संगीताच्या दिवशी नातू स्टेजवर येतो, सोगा झटकल्यासारखा हात करतो, आणि खाली खुर्च्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या एकमेकींचे दंड धरतात. "अगं, हे तर आप्पा!"

जळगावातल्या एका डाळमिलवाल्यांच्या घरी दोन भाऊ बारशालाच काय, मयतीलाही एकमेकांकडे जात नव्हते. मॅडमनी विचारलं, वडील कसे होते? दोघांनी वेगवेगळ्या दिवशी येऊन एकच सांगितलं, की म्हातारा पोतं उचलताना समोरच्याला "हं, घे रे राजा" म्हणायचा. झालं! मॅडमनी पोतं उचलायची स्टेप बसवली, आणि पोतं काही एकट्यानं उचललं जात नाही. दोघं भाऊ समोरासमोर आले, वाकले, आणि "हं, घे रे राजा" म्हणताना मोठ्याचा आवाज फाटला. लग्न राहिलं बाजूला, दोघं स्टेजवरच गळ्यात पडून रडले. तो व्हिडिओ जळगावातून धुळ्याला गेला, धुळ्याहून शिरपूरला, आणि मॅडमना लग्नसराईत श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही.

आता गंमत बघा. जिनं जगाचे भाऊ एकत्र आणले, तिचा सख्खा भाऊ असोद्याला राहतो, जळगावहून रिक्षानं जाता येईल इतका जवळ, आणि चौदा वर्षं झाली, तिच्याशी बोलत नाही. ज्ञानेश्वर त्याचं नाव. केळीचे मळे, दारात ट्रॅक्टर, गावात मान. बहिणीचं नाव निघालं की तो विषय बदलायचा.

दिपमालाचा गुन्हा काय? ती नाचली. धुळ्याला दिली होती तिला. दिराच्या वरातीत बँडवाल्यांनी असा काही ताल धरला की हिचे पाय राहिले नाहीत. पदर खोचला आणि नाचली, पोटभर नाचली. नवऱ्यानं बँडसमोरच केसाला धरून ओढलं. बँडवाले वाजवायचे थांबले, पण वरातीतला एक माणूस मध्ये पडला नाही. सकाळी ती एक पिशवी घेऊन माहेरी आली. ज्ञानेश्वरनं तिला परत नेऊन घातलं. ती पुन्हा आली, त्यानं पुन्हा नेऊन घातलं. तिसऱ्यांदा ती जळगावच्या बसस्टँडवर उतरली आणि असोद्याची गाडी समोर उभी असताना त्या गाडीत बसली नाही. फारकत झाली. पोटासाठी शाळांच्या गॅदरिंगमध्ये नाच शिकवायला लागली. त्यावर ज्ञानेश्वरनं निरोप धाडला: "नाचणाऱ्या बाईले आमच्या घरात जागा नाही." झालं, संपलं.

संपलं म्हणायचं. खानदेशात बाईचं माहेर असं संपत नसतं. दरवर्षी आखाजी येते. अक्षय्य तृतीया म्हणतात तुमच्या कॅलेंडरात, आमच्याकडे आखाजी. वैशाखाचं ऊन डोक्यावर घेऊन भाऊ बहिणीच्या दारात जातो, तिला माहेरी न्यायला. त्याला मुराळी म्हणतात. निंबाच्या फांदीला झोके बांधलेले असतात, आणि साठीची सासुरवाशीणसुद्धा त्यावर पोरीसारखी उभी राहते. दिपमालाच्या गल्लीतल्या बाया आखाजीला निघून जायच्या आणि ती गॅलरीत कपडे वाळत घालत रिक्षा मोजल्यासारखी रस्ता बघत राहायची. कबूल केलं नसतं तिनं, पण वाट बघायची. आई गेली तेव्हाही तिला कळलं ते दूधवाल्याकडून, दहावं उरकल्यावर. दहाव्याला कुणी बोलावलं नव्हतं.

तर असा हा भाऊ यंदा फाल्गुनात क्लासच्या जिन्याशी येऊन उभा राहिला.

दिपमालानं वरून पाहिलं. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, चपला काढू की नको असं करत उभा. ती दोन पायऱ्या खाली उतरली. रागानं की मायेनं, तिला स्वतःला सांगता आलं नसतं. ती एवढंच म्हणाली, "काढ चपला. फरशी पुसलेली आहे."

तो प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टेकला. भिंतीवरच्या आरशात स्वतःला दिसायला नको म्हणून तिरका बसला.

"शीतलचं लगीन ठरलं," तो म्हणाला.

"चांगलं झालं." शीतल त्याची मुलगी. दिपमालानं तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती चौथीत होती आणि आत्याच्या ओढणीला लटकून गिरक्या घ्यायची.

"पाहुने धुळ्याचे हायेत. मोठं घर. पोरानं तुझे नाच पाहिले मोबाईलवर. त्याच्या मायनं तं हट्टच धरला, संगीत बसवायचं तं दिपमाला मॅडमनीच."

दिपमालाला हसू आलं. "मग तू सांगितलं असशील ना छाती फुगवून, की मॅडम माझी बहीण आहे?"

 ज्ञानेश्वर फरशीकडं बघत म्हणाला, "आम्ही दोनच भावंडं सांगितली हायेत. मी अन् फैजपूरची अक्का."

पंखा कुरकुरत होता. खालच्या पिठाच्या गिरणीत कुणाचे तरी गहू दळत होते. दिपमालाला वाटलं, उठावं आणि याची चप्पल जिन्यावरून खाली भिरकावून द्यावी. पण तो पुढं बोलायला लागला, आणि बोलता बोलता त्याचा आवाज आई बोलायची तसा मऊ झाला. त्या मऊ आवाजानंच सगळा घात केला.

"दिपे, ऐक. घराणं पाहाणारे लोक हायेत. फारकत, नाच, असं काही कानावर गेलं तं पोरीचं मोडंल. एकदा अक्षता पडू दे डोक्यावर. मग मीच सांगतो त्यायले. लगीन झालं की पंधरवड्यानं आखाजी हाये. या आखाजीले मी मुराळी येतो तुले न्याले. आईची आन."

आईची आन! जिच्या दहाव्याला बोलावलं नाही तिची आन. पण दिपमाला बाई विरघळली. किती स्वस्तात विरघळली बघा! चौदा वर्षांचा राग, केवढा मोठा, केवढा जपून ठेवलेला, आणि एका शब्दावर त्याचं पाणी झालं. मुराळी. भाऊ दारात येणार, पिशवी उचलणार, रिक्षात शेजारी बसणार, आणि असोद्याच्या वेशीत सगळ्यांच्या देखत ती माहेरी जाणार.

"तोवर मी मॅडम?" तिनं विचारलं.

"तोवर मॅडम."

"बरं," ती म्हणाली.

तालीम क्लासमध्येच झाली. असोद्याच्या घरी करू, म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि तिनंही विचारलं नाही. शीतल आली ती जिन्यातच तिच्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "आत्या, किती गं बारीक झालीस." मग वर मात्र सगळ्यांसमोर "मॅडम, मॅडम" करत राहिली. पोर हुशार होती.

पहिल्या दिवशी मॅडमनी नेहमीसारखं सगळ्यांना खाली सतरंजीवर बसवलं. "कोण गेलंय ते मला माहीत..." त्या थबकल्या, आणि सावरून म्हणाल्या, "कोण गेलंय?"

"माझी आई," ज्ञानेश्वर म्हणाला.

"त्यांची एखादी लकब सांगा."

ज्ञानेश्वरनं डोकं खाजवलं. "भाकरी थापायची."

"जगातल्या सगळ्या आया भाकरी थापतात. तुमची आई वेगळी काय करायची?"

 मग शीतलच म्हणाली, "आजी आलाबला घ्यायची ना, पप्पा! टक् करून!"

सगळे एकदम हसले. कुणीही बाहेर निघालं, की सगळ्याच आया तोंडावरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडतात, पोराची इडापिडा स्वतःवर घेतात. पण या आईच्या डाव्या हाताची बोटं कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये गेली होती. उजव्या हाताची बोटं कडाडायची, डावीकडून आवाज यायचा नाही. आणि अर्धी आलाबला तर द्यायची नाही कुणाला! म्हणून म्हातारी डाव्या बाजूला जिभेनं "टक्" करायची. पोरांना वाटायचं, सगळ्यांच्याच आया असं करतात. दिपमालानं लग्नानंतर सासूला पहिल्यांदा आलाबला घेताना पाहिलं आणि तिला वाटलं, ही बाई काहीतरी विसरली.

तिनं सतरंजीवरून उठून ती लकब करून दाखवली. हात फिरवले, उजवीकडे बोटं कडाडली, डावीकडे बोटं मिटलेला हात कानशिलाला लावला आणि जीभ वाजवली. टक्. क्लासमध्ये आई येऊन उभी राहिली. ज्ञानेश्वरचे डोळे भरून आले, तोंडातून शब्द निसटला, "दिपे, अगदी..." आणि त्यानं इकडंतिकडं बघून घाईनं दुरुस्त केलं, "मॅडम, अगदी तशीच." त्या निसटलेल्या शब्दावर दिपमालानं पुढचे कितीतरी दिवस काढले.

नाच असा बसला. आखाजीचा झोका. आजी झाली शीतल स्वतः, नऊवारी नेसून. आधी थोरली लेक सासरी निघते, आजी तिची आलाबला घेते. मग मुलगा कॉलेजला तालुक्याच्या गावी निघतो, त्याची आलाबला. शेवटी आजी पदर काढते, ती शीतल होते, आणि तिची आलाबला घ्यायला सगळं घर रिंगण धरतं. सगळ्यांची बोटं कडाडतात आणि सगळ्यांच्या जिभा वाजतात. इथवर बरोबर होतं. इथंच थांबायला हवं होतं.

पण दिपमालाच्यानं राहवेना. रोज तालमीत आई येते, पहिल्या पोरीची आलाबला घेते, दुसऱ्या पोराची घेते, आणि संपतं. रोज तिच्या डोळ्यासमोर आई दोनावर थांबते. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं शीतलला बाजूला घेऊन म्हटलं, "मुलगा गेल्यावर दोन पावलं डावीकडं ये. जरा खाली वाक, लहान पोर असल्यासारखं. आणि तिथं अजून एकदा घे."

"तिथं तर कुणीच नाही, आत्या."

दिपमाला वाकून सतरंजी सरळ करायला लागली. शीतलनं तिच्याकडं बघितलं आणि तिला कळलं. "मी नीट घेईन," ती म्हणाली.

ज्ञानेश्वरनं मात्र विचारलं, "इथी कोन हाये?"

"कुणी नाही. तालात जागा उरते, ती भरायची," मॅडम म्हणाल्या. तो "बरं बरं" म्हणाला. तालातलं त्याला काय कळणार!

तिला नाव नको होतं, ओळख नको होती. आईनं आपल्यालाही मोजलं होतं, एवढं असोद्याच्या माणसांना दिसावं, बस. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, धुळ्याच्यांना कळणार नाही. आणि पंधरवड्यानं तर मुराळी येणारच आहे.

संगीत जळगावबाहेरच्या एका लॉनवर होतं. उन्हं कलली, पाणी मारलेल्या गवताचा वास सुटला. डाव्या अंगाला असोद्याची माणसं, उजव्या अंगाला धुळ्याची. समोरच्या सोफ्यावर विहीणबाई, म्हणजे नवऱ्या मुलाची आई, अंगावर सोनं, हातात हवा घ्यायला पत्रिका. फैजपूरची अक्का पहिल्याच रांगेत होती. तिनं धाकट्या बहिणीकडं एकदा पाहिलं, ओठ हलवले आणि पदर सारखा करण्यात गुंतून गेली. दिपमाला स्टेजच्या कडेला, आवाजाच्या टेबलाशी तेजसजवळ उभी राहिली. तेजस म्हणजे तिचा नेहमीचा साउंडवाला.

झोक्याच्या कडीची करकर सुरू झाली आणि लॉनवरची बडबड हळूहळू थांबली. शीतल आजी होऊन आली. काय आली पोरगी! थोरलीची आलाबला घेतली. कड्कड्, टक्. असोद्याच्या अंगाला हशा आणि हुंदका एकदमच फुटला. मुलाची घेतली. मग ती दोन पावलं डावीकडं आली. वाकली. रिकाम्या हवेत एका लहान तोंडावरून हात फिरवले, सावकाश, दोघांपेक्षा जास्त वेळ. कड्कड्. आणि टक्.

टेबलाशी दिपमालानं मान जराशी पुढं केली.

असोद्याच्या बायकांत शेजारची ताईबाई बसलेली. कानानं कमी ऐकते, म्हणून बोलते मोठ्यानं. नाच संपून टाळ्या थांबल्या नाहीत तोच तिचा आवाज आला, "ही तं धाकलीची व माय! धाकलीची घेतली!"

विहीणबाईंच्या हातातली पत्रिका थांबली. त्या वळून आपल्या धुळ्याच्या अहिराणीत म्हणाल्या, "भावंडं तं दोनच शेतस ना? मंग ही धाकली कोन?"

 डावं अंग मुकं झालं. ताईबाईला कुणीतरी कोपर मारलं. आणि ज्ञानेश्वर उठला. धोतर-टोपी सावरत स्टेजच्या पायऱ्या चढला, सूत्रसंचालकाच्या हातातून माईक घेतला.

दिपमालाला वाटलं, आता सांगतो! आखाजीपर्यंतसुद्धा थांबत नाही माझा भाऊ, आत्ताच सांगतो. खरंच वाटलं तिला तसं, वेडीला. तिनं ओढणी नीट केली. कपाळावरचा घाम पुसला. बोलावलं तर चार माणसांत नीट दिसायला हवं.

"पाहुण्यांनी विचारलं," ज्ञानेश्वर म्हणाला, माईकवर अगदी शुद्ध मराठीत, "की तिसरी जागा कोणाची. हे दुःख आम्ही आजवर घरातच ठेवलं. आम्हाला एक धाकटी बहीण होती." त्यानं डोळे पुसले, खोटे नाही, खरेच ओले झालेले. "फार गुणी होती. फार लाडकी. ती लहानपणीच गेली. पण आमच्या आईनं तिला कधी सोडलं नाही. मरेपर्यंत आई रोज दिवेलागणीला अंगणात जायची, जळगावच्या रस्त्याकडं तोंड करायची आणि रिकाम्या हवेत तिची आलाबला घ्यायची."

सगळं लॉन रडायला लागलं. धुळ्याच्या बाया पदर डोळ्यांना लावून, पुरुष चष्मे काढून. फैजपूरची अक्कासुद्धा रडत होती, मान खाली घालून. शीतल स्टेजवर आजीच्या नऊवारीत उभी होती. तिनं एकदा आवाजाच्या टेबलाकडं पाहिलं. मग नवऱ्या मुलानं हात जोडले, त्याच्या बहिणींनी जोडले, आणि शेवटी शीतलनंही डोळे मिटून हात जोडले. असोद्याची जी जी माणसं दिपमालाला ओळखत होती, ती सगळी आपल्या चपलांकडं बघत होती. ज्यांच्या घरी ती लहानपणी ताक प्यायली होती, ती माणसं.

"मॅडम?" तेजस हळूच म्हणाला. "पाणी देऊ?"

ती स्टेजच्या मागं गेली. कनातीच्या आडोशाला ज्ञानेश्वर तोंडावर पाणी मारत होता. तिला बघून तो दचकला.

"मारलंस मला," ती म्हणाली.

"हळू बोल."

"जिवंतपणी मारलंस, भाऊ. आणि वर रडलास!"

"मंग काय करू? तिनं भर लोकात इचारलं! पोरीचं वाटोळं करू का?" त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज दाबून म्हणाला, "जागा तूच ठेवली ना वं रिकामी? मी सांगितली होती का ठेवाले? तू नसती ठेवली तं मले भरा लागली नसती."

 तेच तर होतं. गेलेल्यांना उभं करायची तिची ती रीत, तिचीच ती स्टेप. ज्या जागेवर ती आजवर दुसऱ्यांची मेलेली माणसं उभी करत आली, त्याच जागेवर तिनं स्वतःच्या हातानं स्वतःला उभं केलं होतं. भावानं फक्त नाव दिलं.

"आणि आईचं?" तिनं विचारलं. "ते रस्त्याकडं तोंड करून... तेही खोटंच?"

ज्ञानेश्वरनं रुमाल तोंडावर तसाच धरून ठेवला. "नाही. ते खरं हाये. रोज घ्यायची. आजारी पडली तं खाटेवरून घ्यायची."

"मला का नाही सांगितलंस? एकदा? एका माणसाकडून तरी?"

त्यानं रुमालाची घडी घातली. दिपमालाला रडू आलं नाही. मरेपर्यंत एक बाई तिकडून हवेत हात फिरवत होती आणि एक बाई इकडं गॅलरीत रस्ता बघत होती, मधे रिक्षाचं अंतर. आणि मधे हा. याच्या नरडीला हात घालावा असं तिला वाटलं. त्याऐवजी तिनं तोंडातून जे निघू नये तेच विचारलं, आणि विचारतानाच स्वतःची लाज वाटली.

"आणि आखाजी?"

ज्ञानेश्वरनं तिच्याकडं पाहिलं. खरोखर वाईट वाटल्यासारखं पाहिलं. "आता कसं न्यायचं वं दिपे तुले? आता पाहुने येतीन-जातीन. त्यायले काय सांगू, कोनाले घेऊन आलो? मेलेलं मानूस..."  रुमाल खिशात घालून तो पाहुण्यांत निघून गेला.

लॉनवर गलका झाला होता. धुळ्याकडची माणसं ओरडत होती, वन्स मोर, वन्स मोर. असा नाच त्यांनी बघितला नव्हता. दिपमाला टेबलाशी येते तोच विहीणबाई स्वतः उठून आल्या. डोळे लाल, नाक लाल. भली बाई होती बिचारी. तिनं दिपमालाचे दोन्ही हात हातात घेतले.

"मॅडम, बठ्ठा लोके रडी ऱ्हायनात. ती गयेल पोरले तुम्ही जित्ती करी दिधी." मग जवळ सरकून, मायेनं त्या पोरीचं नाव विचारलं, "काय नाव व्हतं तिनं?"

दिपमालानं समोर पाहिलं. ज्ञानेश्वर विहीणबाईंच्या मागं येऊन उभा होता, हात छातीशी जोडून. स्टेजवर शीतल, कोपरापर्यंत मेंदी. एक शब्द पुरे होता. तिचं स्वतःचं नाव, चार अक्षरांचं, लॉनच्या दारातल्या बोर्डावर मोठ्या अक्षरात लावलेलं. ते तोंडापर्यंत आलं. मग तिला शीतल चौथीतली दिसली, ओढणीला लटकलेली.

"मला काय माहीत, ताई," ती म्हणाली. "मी बाहेरची."

विहीणबाईंनी मान हलवली, तिचे हात थोपटले आणि जाऊन सोफ्यावर बसल्या. ज्ञानेश्वरचे जोडलेले हात खाली आले.

"तेजस, सुरुवातीपासून लाव," दिपमाला म्हणाली.

पुन्हा कडी करकरली. पुन्हा थोरली, पुन्हा मुलगा. शीतल दोन पावलं डावीकडं आली आणि वाकली, आणि आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. असोद्याची, धुळ्याची, सगळी माणसं खुर्च्यांवरून उठून उभी राहिली. सगळ्यांनी हवेत हात फिरवले, सगळ्यांनी कानशिलावर बोटं मोडली, आणि सगळ्या लॉननं एकदम जीभ वाजवली. टक्. आईच्या दहाव्याला दिपमालाला कुणी बोलावलं नव्हतं. स्वतःच्या दहाव्याला मात्र ती शेवटपर्यंत हजर राहिली, आवाजाच्या टेबलाशी, ताल चुकू नये म्हणून बोटांनी मोजत.